पोटातली चरबी आणि भुशाची आग

"साखर जास्त खाल्ली म्हणून साखरेचा आजार झाला," असं गावात बोलतात. "तो तर काडीसारखा, त्याला कसला मधुमेह?" असंही बोलतात. या दोन्ही गोष्टी पुरत्या खऱ्या नाहीत. बारीक दिसणाऱ्या माणसालाही मधुमेह होतो. तो कसा, ते आम्ही इथं सांगणार आहोत.

आपण भाकरी खातो. पोटात तिची साखर होते व ती रक्तात उतरते. आपलं शरीर लहान लहान पेशींचं बनलेलं आहे. नुसत्या डोळ्यांना त्या दिसत नाहीत. रक्तातली साखर या पेशींच्या घरात गेली, तरच अंगात ताकद येते. पण पेशीचं दार लावलेलं असतं. जठराच्या मागे स्वादुपिंड नावाचा अवयव आहे. तो इन्शुलिन नावाचा रस रक्तात सोडतो. इन्शुलिन दाराची कडी वाजवतं. पेशी दार उघडते. साखर आत जाते.

आता दुसरी गोष्ट पाहू. पायात काटा मोडला तर काय होतं? जागा लाल होते, सुजते, ठणकते. रोगजंतूंशी झुंजायला रक्तातल्या पांढऱ्या पेशी तिथं धावून येतात. यालाच दाह म्हणतात. हा दाह आपल्या भल्याचा असतो. जखम भरली की तो विझतो.

पण एक दाह दिसत नाही, दुखत नाही आणि लवकर विझतही नाही. पोटात आतड्यांभोवती चरबी साठते. चरबीच्या पेशी फार फुगतात. मग पांढऱ्या पेशी तिथंही गोळा होतात. भुशाच्या आगीला जाळ नसतो, पण ती आत धुमसत राहते. हा दाह तसाच. त्याचा धूर रक्तावाटे अंगभर जातो. घरात धूर कोंडला की माणूस डोळे चोळत बसतो. कडी वाजली तरी उठत नाही. पेशीचंही तसंच होतं. इन्शुलिन कडी वाजवतं, पण दार नीट उघडत नाही. साखर रक्तातच तुंबते. स्वादुपिंड जास्त जास्त इन्शुलिन सोडतं आणि शेवटी थकतं. मग मधुमेह होतो.

हा धूर कसला? १९९३ साली अमेरिकेतील बोस्टन शहरात शास्त्रज्ञांनी लठ्ठ उंदरांची चरबी तपासली. तिच्यात दाह वाढवणारं एक द्रव्य सापडलं. त्याचं नाव टी-एन-एफ. ते अडवलं, तर उंदरांच्या अंगात इन्शुलिनचं काम सुधारलं.

हे द्रव्य बनवण्याचा हुकूम कुठून येतो? ज्वारीच्या दाण्यात कणीस कसं व्हावं, याचा हुकूम असतो. तसेच हुकूम आपल्या पेशीतही असतात. ते आईबापांकडून येतात. त्यांना जनुकं म्हणतात. १९९७ साली शास्त्रज्ञांनी टी-एन-एफचं जनुक नसलेले उंदीर घेतले. ते उंदीर लठ्ठ झाले, तरी त्यांचं इन्शुलिन इतर लठ्ठ उंदरांपेक्षा चांगलं चाललं. माणसाचं मात्र इतकं सोपं नाही. टी-एन-एफ अडवणारी औषधं देऊन मधुमेह काही बरा झाला नाही. माणसात एक नव्हे, अनेक जनुकांचा हात असतो.

शिवाय चरबी वरून ओळखू येत नाही. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन यूडकिन यांची गोष्ट २००४ साली छापून आली. उंचीच्या मानानं दोघांचं वजन अगदी सारखं. पण चरबी मोजली, तर यूडकिन यांच्या अंगात १०० भागांत ९ भाग निघाली आणि याज्ञिक यांच्या अंगात २१ भाग! पुण्याजवळच्या सहा गावांतल्या बाळांचंही असंच दिसलं. ही बाळं इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा वजनानं हलकी होती. त्यांचं मांस कमी होतं, पण चरबी त्या मानानं कमी नव्हती. यात जनुकांबरोबर आईच्या पोषणाचाही वाटा आहे. म्हणून गरोदर बाईला पोटभर, सकस अन्न मिळालंच पाहिजे.

मग नशिबाला बोल लावून बसायचं का? नाही. आईबापांनी दिलेलं बियाणं बदलत नाही, पण मशागत आपल्या हाती आहे. रोज अर्धा तास झपाझप चाला. चालताना पायांचे स्नायू साखर ओढून घेतात. त्या वेळी त्यांना इन्शुलिनची तेवढी वाट पाहावी लागत नाही. तळलेलं कमी खा. चहातली साखर कमी करा. विडी-तंबाखू सोडा. औषध चालू असेल, तर ते मनानं बंद करू नका.

शिंप्याकडची टेप घ्या आणि बेंबीजवळ पोटाचा घेर मोजा. पुरुषाचा ९० सेंटीमीटरच्या वर किंवा बाईचा ८० सेंटीमीटरच्या वर भरला, तर सरकारी दवाखान्यात जाऊन रक्तातली साखर तपासून घ्या. आईबापांना मधुमेह असेल, तर घेर कमी भरला तरी तपासा. भुशाची आग वेळीच कळली, तर घर वाचतं.