हाली, कलदार आणि भोकाचा पैसा

माझ्या संग्रहात सोन्याचांदीचे काही नाही. आहेत ती दुसऱ्या महायुद्धातली कांस्याची, म्हणजे घरातल्या भाषेत ‘तांब्याचीच’, नाणी. बहुतेक आळंद परिसरातल्या देवघरांतून, फडताळांतून मिळालेली.

आळंद तेव्हा निजामाच्या राज्यात आणि सोलापूर इंग्रजी मुलखात. इकडे हाली रुपया चाले, तिकडे कलदार. शंभर कलदारांना ११६ रुपये १० आणे ८ पै हाली, असा दर. सोपे करून सांगायचे तर सहा कलदारांना सात हाली. कापडाला सोलापूर गाठणाऱ्याला हे तोंडपाठ असावेच लागे.

युद्धात तांबे काडतुसांकडे वळले. अमेरिकेने १९४३ साली चक्क पोलादाचे सेंट पाडले. त्याच वर्षी इंग्रज सरकारने इथल्या पैशाला मधोमध भोक ठेवले. आधीचा पैसा जवळपास पाच ग्रॅमचा, हा जेमतेम दोन. राजाचा मुखवटा गेला, नुसता मुकुट उरला. निजामानेही भोकाचे दोन पैचे नाणे काढले. त्यावर उर्दू आकड्यांत हिजरी साल असते. १३६२ दिसले तर ०.९७ ने गुणा, ६२२ मिळवा, १९४३ येते.

खरी गंमत पुढे आहे. दोन्ही नाणी लहान, दोन्ही भोकाची. पण कलदार रुपयाचे पैसे ६४ आणि हाली रुपयाची दोन-पै ९६. म्हणजे चार कलदार पैशांना सात दोन-पै! माझ्या आजीला अक्षरओळख नव्हती. मुकुट दिसला की कलदार, एवढी खूण तिला पुरे. दोन्हींचे दोरे ती वेगळे ठेवायची. बँकेच्या अॅपवर वाढलेल्या आपल्या मुलांना हा हिशेब घालून पाहा. मी घातला, दोघांनी कागद मागितला.

वाईट एवढेच वाटते की गावाकडची घरे रिकामी करताना ही नाणी पितळेच्या भांड्यांबरोबर मोडीत जातात. पुण्या-सोलापुरात स्थायिक झालेल्यांना सांगणे आहे : वजनकाट्यावर जाण्याआधी डबे उघडून बघा. चिंच लावून घासू नका, वरचा काळपट थर राहू द्या. आणि नाणे कुणाच्या घरातले, कुठे ठेवलेले होते, ते चिठ्ठीवर लिहा. चिठ्ठीविना माझ्या लेखी त्याची निम्मी किंमत जाते.

कधी चांगल्या अखंड नाण्यालाही पोराच्या करगोट्यासाठी भोक पाडलेले असते. ते ओळखणे अवघड नाही. टांकसाळीच्या भोकाभोवती अक्षरे वळून बसतात. घरी पाडलेले भोक अक्षरांमधूनच जाते. अशी नाणी मी वेगळ्या डबीत ठेवतो.