गावाची जमीन आणि प्रादेशिक योजना

शेताची आखणी पेरणीपूर्वी करावी लागते. ऊस कमरेइतका वाढल्यावर पाट कोठून काढावा याचा विचार करू लागणारा शेतकरी आपलेच नुकसान करून घेतो. जी गोष्ट शेताची, तीच प्रदेशाची. महाराष्ट्रात १९६१ साली दर शंभर माणसांपैकी सुमारे २८ माणसे शहरांत राहत होती. २०११ च्या जनगणनेत हे प्रमाण ४५ वर गेले. या वाढत्या वस्तीला, तिच्या रस्त्यांना व कारखान्यांना लागणारी जागा बहुतांशी शेतजमिनीतूनच जाते. ही वाढ कोणत्या जमिनीवर व्हावी, हे आगाऊ ठरविण्याचे साधन म्हणजे प्रादेशिक योजना. शहराजवळच्या शेतकऱ्यांनी तिच्यात वेळीच लक्ष का व कसे घालावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

अनियोजित वाढीचे दुष्परिणाम

शहरालगतच्या एका गावी पिकांची पाहणी करण्याचा प्रसंग प्रस्तुत लेखकास आला. पाऊस फारसा झाला नव्हता. तरीही सखल भागातील कांद्याच्या शेतात पाणी तुंबून पीक सडू लागले होते. वरच्या अंगाचा ओढा बुजवून तेथे गुंठ्यागुंठ्याने जमीन विकली गेली होती, हे त्याचे कारण. विकणाऱ्यास पैसे मिळाले; पाणी मात्र ज्याने काहीच विकले नव्हते त्याच्या शेतात शिरले. तेथे घरे बांधलेल्या कुटुंबांनाही धड रस्ता नव्हता की गटार नव्हते. अशा वस्त्या राज्यात इतक्या वाढल्या की, त्या नियमित करण्यासाठी २००१ साली गुंठेवारीचा स्वतंत्र कायदा करावा लागला.

योजनेचे स्वरूप

महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ अन्वये राज्य शासन एखादा प्रदेश निश्चित करून त्यासाठी नियोजन मंडळ नेमते. वस्ती, उद्योग, शेती व वने यांसाठी जमिनीची वाटणी, दळणवळण आणि पाणीपुरवठा हे योजनेचे मुख्य विषय होत. जमिनीची धूप रोखणे, वनीकरण, नद्या व तलाव यांची सुधारणा आणि पूरनियंत्रण यांचाही तीत समावेश करता येतो. म्हणजेच बांधबंदिस्ती व पाणी अडविणे या शेतकऱ्याच्या परिचयाच्या कामांना तीत स्थान आहे.

कोणती जमीन कशासाठी?

खोल काळी जमीन ओलावा दीर्घकाळ धरून ठेवते, म्हणून ती पिकास उत्तम. तीच जमीन भिजली की फुगते व वाळली की आकसून भेगाळते. त्यामुळे तिच्यावरील घरांच्या पायास व भिंतींस तडे जाण्याचे भय असते. मुरमाड जमिनीत पीक बेताचे येते, परंतु पाया मजबूत बसतो. तेव्हा वस्ती शक्य तेथे मुरमाड जमिनीवर वसावी आणि काळी व बागाईत जमीन शेतीसाठी राखावी, हे शेतकरी व घरमालक या दोघांच्याही हिताचे आहे. मातीचा एक इंच थर तयार होण्यास शेकडो वर्षे लागतात. काँक्रीटखाली गेलेली जमीन पुन्हा लागवडीस येणे जवळजवळ अशक्य असते. मात्र माळाच्या ज्या भागात पाणी मुरून खालच्या विहिरींना पोचते, तो भाग मुरमाड असला तरी मोकळा राखावा.

गावाने करावयाची कामे

योजनेचा मसुदा प्रसिद्ध झाल्यावर हरकती व सूचना देण्यास किमान चार महिन्यांची मुदत असते. शहराच्या विकास योजनेसाठी ती याहून कमी असते. या काळात शेतीची घाई असली तरी पुढील कामे लांबणीवर टाकू नयेत :

१. गावचा गटनकाशा मिळवून त्यावर ओढे, नाले, पाझर तलाव, विहिरी, पाणंदी, गायरान व कालव्याखालील क्षेत्र दाखवावे.

२. हा नकाशा मसुद्याच्या नकाशाशी ताडून पाहावा. एखादा ओढा गाळला गेला आहे काय, अथवा बागाईत क्षेत्र वस्तीसाठी दाखविले आहे काय, हे तपासावे.

३. ग्रामसभेत विचार करून हरकत लेखी द्यावी. गट क्रमांक, कारण व पर्यायी जागा यांचा तीत उल्लेख असावा. पोच घेण्यास विसरू नये.

एकीचे बळ

जेथे जमीन वस्तीखाली जाणे अटळ आहे, तेथेही तुकड्यातुकड्याने विक्री हा एकच मार्ग नव्हे. पुण्याजवळ हडपसर येथील मगरपट्ट्यात शंभरांहून अधिक शेतकरी कुटुंबांनी आपली सुमारे ४०० एकर जमीन एकत्र केली, २००० सालाच्या सुमारास तीवर आखीव नगर वसविण्यास आरंभ केला आणि जमिनीच्या प्रमाणात त्या व्यवसायात भाग राखला. त्यांची शेती गेली, परंतु मालकी टिकली.

योजनेचा नकाशा मंजूर झाला की त्यात बदल करून घेणे कष्टाचे होते. पाण्याची वाट जाणणारा शेतकरी मसुद्याच्या वेळी गप्प राहिला, तर ती वाट नकाशावर उमटणार कशी? ज्या गावांजवळ शहर येऊन ठेपले आहे, त्यांनी आपला नकाशा आजच तयार करून ठेवावा.