हिवाळ्यात ट्रक धुताय? आधी हात सांभाळा

तुरीचा हंगाम सुरू झाला की वाशीम, कारंजा, रिसोड, मालेगावच्या बाजारात ट्रकांच्या फेऱ्या वाढतात. ओलिताच्या शेतातला काळा चिखल चाकांना, पाट्यांना चिकटून वाळतो. मालकाला गाडी सकाळी स्वच्छ लागते आणि ती धुणारी पोरं बहुतेक आपल्याच वस्तीतली असतात. पहाटेच्या थंडीत पाण्याचा पाईप, कपड्याची पावडर आणि ग्रीस काढायला डिझेल किंवा रॉकेल, अशी ही धुलाई चालते.

मागच्या हिवाळ्यात असाच एक एकोणीस वर्षांचा पोरगा आमच्याकडे आला. बोटांच्या पेरांवर भेगा, एका बोटात पू. म्हणाला, "ताई, भाकर मोडता येत नाई. ठेचा लागला का हाताची आग होते." आठ दिवस त्याची मजुरी बुडाली. घरच्यांना वाटलं, हा लागणारा रोग आहे, म्हणून ताटही वेगळं केलं होतं. पाण्याने आणि साबणाने पडलेल्या भेगा कुणाला लागत नाहीत, हे आधी समजावून सांगावं लागलं.

हे होतं कसं?
आपल्या कातडीवर तेलाचा एक पातळ थर असतो. तासन्‌तास पाणी आणि पावडर लागली की तो निघून जातो. डिझेल-रॉकेल तर तो लगेच ओढून घेतं. हिवाळ्याची हवा कोरडी, त्यामुळे उघडी पडलेली कातडी तडकते आणि भेगांतून जंतू आत शिरतात. साचलेल्या घाण पाण्यात उंदरांचं मूत्र मिसळलेलं असेल, तर पायाच्या भेगांतून लेप्टोस्पायरोसिसचा तापही होऊ शकतो.

कमी पाण्याची धुलाई
यावर एक उपाय आहे: रिन्सलेस वॉश, म्हणजे नंतर पाणी न मारता पुसून घ्यायची धुलाई. यातलं द्रव मळाला वेढून निसरडं करतं आणि फडकं तो उचलून घेतं. पाईपने शेकडो लिटर पाणी जातं, इथे दोन-तीन बादल्यांत काम होतं. अंगही भिजत नाही.

पण वाळलेल्या चिखलावर थेट फडकं फिरवू नका, रंगावर ओरखडे पडतात. क्रम असा ठेवा:

१. ऊन वर आल्यावर काम सुरू करा, पण गाडी सावलीत घ्या.
२. चिखलावर पाणी शिंपडून दहा मिनिटं भिजू द्या. मग लाकडी पट्टीने सोडवा आणि मगभर पाण्याने खाली पाडा. चाकं आणि चेसिसला ब्रश व थोडं पाणी लागेलच.
३. साधारण ८ लिटर पाण्यात ३० मिलिलिटर, म्हणजे दोन मोठे चमचे द्रव टाका. बाटलीवर वेगळं प्रमाण असेल तर तेच धरा. पाणी कोमट चालतं.
४. आठ-दहा मऊ फडकी भिजवा. फडक्याच्या चार घड्या करा. टपापासून खाली पुसत या, दर वेळी स्वच्छ बाजू घ्या. मळलेलं फडकं परत बादलीत बुडवू नका.
५. लगेच कोरड्या फडक्याने पुसा.

द्रवाच्या जागी कपड्याची पावडर वापरू नका. ती पाण्याने धुवावीच लागते आणि हात खाते.

हे मात्र टाळा
फवारणीचा जुना पंप पाणी शिंपडायला घेऊ नका, कितीही धुतला तरी. कीटकनाशक कातडीतूनही अंगात जातं. २०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले, हे आपण विसरलेलो नाही. हौद्यात कीटकनाशक सांडलेलं असेल तर पोरांना आत चढवू नका. तुरीच्या धुळीत झाडताना तोंडाला फडकं बांधा.

हाताची निगा
सुती हातमोजे आत, रबरी वर. रिन्सलेस द्रवालाही हातमोजे लागतातच. काम झालं की कोमट पाणी आणि साध्या साबणाने हात धुवा, रॉकेलने कधीच नाही. हात ओलसर असतानाच खोबरेल तेल किंवा व्हॅसलिन चोळा, झोपताना पुन्हा. डोळ्यात रसायन उडालं तर पंधरा-वीस मिनिटं स्वच्छ पाण्याची धार सोडा आणि दवाखाना गाठा.

पू, सूज, ताप, किंवा साखरेच्या आजारात पायाला भेग असेल तर घरी थांबू नका, प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलं आहे का, तेही विचारून घ्या.

ज्यांची पोरं या कामावर आहेत त्या आई-बापांनी आज रात्री त्यांचे हात उजेडात पाहावेत. आणि हातमोजे, द्रवाची बाटली गाडीमालकाकडे मागावी. त्याची गाडी धुतली जाते, तर हा खर्चही त्याचाच आहे.