आंतरजालीय लैंगिक हिंसा व तरुणांचे मानसिक आरोग्य

भ्रमणध्वनी, संगणक व आंतरजाल ह्यांच्या साहाय्याने एखाद्या व्यक्तीवर तिच्या संमतीवाचून लादलेल्या लैंगिक स्वरूपाच्या कृत्यांना आंतरजालीय लैंगिक हिंसा म्हणतात. खासगी छायाचित्रे वा चित्रफिती परवानगीविना प्रसृत करणे, तशी धमकी देऊन पैसे किंवा आणखी छायाचित्रे उकळणे (ह्यास ‘सेक्सटॉर्शन’ अशी संज्ञा रूढ आहे), चोरून चित्रण करणे, अश्लील संदेशांचा मारा करणे, बनावट नावाने अल्पवयीन मुलांचा विश्वास संपादून त्यांना जाळ्यात ओढणे आणि एखाद्याचा चेहरा नग्न देहावर बसवून कृत्रिम चित्र (‘डीपफेक’) तयार करणे, हे तिचे प्रमुख प्रकार होत. शेवटच्या प्रकारात पीडित व्यक्तीने आपले कोणतेही खासगी छायाचित्र कोणालाच दिलेले नसते. त्यामुळे ‘छायाचित्र पाठविलेच कशाला’ हा नेहमीचा आक्षेप तेथे मुळातच लटका ठरतो.

मानसिक परिणाम : शरीरास स्पर्श झालेला नसल्याने ह्या कृत्यांना हिंसा का म्हणावे, असा प्रश्न विचारण्यात येतो. सॅमँथा बेट्स ह्या संशोधक स्त्रीने १८ पीडित स्त्रियांच्या मुलाखती घेऊन २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आघातोत्तर ताणविकृती, चिंता, नैराश्य व आत्महत्येचे विचार आढळले. प्रत्यक्ष लैंगिक अत्याचारानंतर दिसणाऱ्या परिणामांशी त्यांचे ठळक साम्य होते. निद्रानाश, एकाग्रतेचा अभाव, अनोळखी माणसाची नजर आपल्यावर पडली की त्याने ते छायाचित्र पाहिले असावे अशी शंका, समाजमाध्यमे वारंवार तपासून पाहण्याची अनिवार सक्ती आणि स्वतःलाच दोष देणे, ही लक्षणेही नेहमी दिसतात.

तथापि ह्या आघातात एक गोष्ट वेगळी आहे. इतर आघातांत घटना घडून जाते व तिची केवळ स्मृती मागे राहते. येथे घटना संपतच नाही. छायाचित्राच्या असंख्य प्रती निघतात, ते महिन्यांनी वा वर्षांनीही पुन्हा प्रकट होऊ शकते आणि कोणी पाहिले हे कधीच निश्चित कळत नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने आंतरजालाचा प्रसार होण्यापूर्वीच, १९८२ मधील न्यूयॉर्क विरुद्ध फर्बर ह्या खटल्यात, बालकाचे लैंगिक चित्रण ही अत्याचाराची कायमची नोंद असून तिच्या प्रसाराने हानी वाढत जाते, असे मत नोंदविले होते. ज्यूडिथ हर्मन (१९४२– ) ह्या अमेरिकन मनोविकारतज्ञ स्त्रीने १९९२ मध्ये आघातातून सावरण्याचे तीन टप्पे मांडले : सुरक्षितता, स्मरण व शोक आणि जीवनाशी पुन्हा नाते जोडणे. छायाचित्र फिरत असेतोवर पीडितास पहिला टप्पाही गाठता येत नाही. मनोपचारांना येणारे अपयश पुष्कळदा उपचारपद्धतीचे नसते; धोका खरोखरच टळलेला नसतो.

कुमारवयात हा आघात अधिक खोल जातो. एरिक एरिक्सन (१९०२–९४) ह्या मनोविश्लेषकाने स्वत्वाची जडणघडण हे ह्या वयाचे मुख्य कार्य मानले आहे आणि ती बव्हंशी समवयस्कांच्या नजरेत होत असते. शाळा बदलली, तरी छायाचित्र पाठोपाठ येते. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातील ॲमंडा टॉड ह्या मुलीच्या बाबतीत हेच घडले. दूरच्या अनोळखी खंडणीखोराने तिचा वर्षानुवर्षे छळ केला. ऑक्टोबर २०१२ मध्ये, वयाच्या पंधराव्या वर्षी, तिने जीवन संपविले. नेदर्लंड्समधील आरोपीस कॅनडातील न्यायालयाने १३ वर्षांची शिक्षा सुनावली, ती २०२२ मध्ये. मुलगेही ह्या हिंसेला बळी पडतात. पैशांसाठी होणाऱ्या सेक्सटॉर्शनचे लक्ष्य बहुधा १४ ते १७ वर्षांचे मुलगे असतात, असा इशारा अमेरिकेच्या एफबीआय ह्या तपासयंत्रणेने दिला आहे. मुलाने तक्रार करणे हे दुबळेपणाचे मानले जात असल्याने ते अधिकच गप्प राहतात.

भारतात कुटुंबाच्या प्रतिक्रियेमुळे ही हानी अनेकदा दुणावते. भ्रमणध्वनी काढून घेणे, महाविद्यालय बंद करणे, घाईने विवाह ठरविणे, हे उपाय मुलीच्या रक्षणासाठी योजले जातात. तिच्या दृष्टीने मात्र ती शिक्षाच असते. घरी कळल्यास काय होईल ह्या भीतीवरच खंडणीखोर विसंबून असतो.

उपचार : छायाचित्र हटविणे हा उपचाराचाच भाग मानला पाहिजे. दक्षिण कोरियात एप्रिल २०१८ मध्ये स्थापन झालेले शासकीय साहाय्य केंद्र पीडितांच्या वतीने चित्रणे हटविते, ती पुन्हा प्रकट होतात काय ह्यावर लक्ष ठेवते व समुपदेशनही देते. २०२१ पासून उपलब्ध असलेल्या ‘स्टॉप एनसीआयआय’ ह्या सेवेत मूळ छायाचित्र कोठेही पाठवावे लागत नाही. त्याचा सांकेतिक ठसा पीडिताच्या उपकरणावरच तयार होतो आणि सहभागी समाजमाध्यमे तो जुळविून प्रसार रोखतात. खंडणी देऊ नये, कारण दिल्यावर मागणी बहुधा वाढते. संदेश नष्ट न करता पुरावा म्हणून जपावेत. मनोपचारांत आघातकेंद्रित बोधात्मक वर्तनोपचार व पालकांचा सहभाग उपयुक्त ठरतो. आत्महत्येच्या विचारांविषयी स्पष्ट प्रश्न विचारावा. त्याने तो विचार मनात रुजतो, ही समजूत निराधार आहे. भारतात ‘टेलि-मानस’ (१४४१६) ही शासकीय मानसिक साहाय्यसेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. बालकांसाठी १०९८ हा क्रमांक आहे.

कायदा : माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० ह्याची कलमे ६६ ई, ६७, ६७ ए व ६७ बी, तसेच भारतीय न्याय संहितेची (१ जुलै २०२४ पासून अंमल) कलमे ७७ व ७८ ह्या कृत्यांना लागू होतात. पश्चिम बंगालमधील तमलूक येथील न्यायालयाने मार्च २०१८ मध्ये एका तरुणीची खासगी चित्रणे प्रसृत करणाऱ्यास पाच वर्षांची कैद दिली आणि भरपाईच्या बाबतीत तिला बलात्कारपीडितेप्रमाणे मानावे, असे म्हटले. मानसिक हानीची न्यायालयाने घेतलेली ही दखल महत्त्वाची होय. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये, बालकांच्या अशा चित्रणास अश्लील साहित्य न म्हणता शोषण व अत्याचाराचे साहित्य म्हणावे, असे सुचविले.

बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण अधिनियम, २०१२ ह्याच्या १९ व्या कलमानुसार १८ वर्षांखालील बालकाविरुद्ध घडलेल्या अपराधाची माहिती पोलिसांना देणे बंधनकारक असून ते समुपदेशकासही लागू आहे. गुप्ततेच्या भरवशावर बोलू लागलेल्या मुलास ही गोष्ट मागाहून कळल्यास त्याचा विश्वास दुसऱ्यांदा मोडतो. म्हणून पहिल्याच भेटीत, त्याने हकिगत सांगण्यापूर्वी, समुपदेशकाने ती त्याला सांगणे इष्ट ठरते.