अख्खा किल्लाच उलटा केला आणि गेम डबल झाला!

1997 साली प्लेस्टेशनवर कोनामीचा 'कॅसलव्हेनिया : सिम्फनी ऑफ द नाईट' आला. बाजारात थ्रीडीची हवा होती, हा गडी मात्र टूडीच राहिला. हिरो आलुकार्ड, म्हणजे ड्रॅक्युलाचा पोरगा. इंग्रजीत त्याचं नाव उलटं वाचा, बापाचं नाव येतं.

पण उलटापालट एवढ्यावर थांबली नाही.

आधीचे बहुतेक कॅसलव्हेनिया एकामागून एक स्टेजचे. ज्याचा हात बसला तो झटपट संपवून गेम जुन्या गेमच्या दुकानात विकून मोकळा. नवखा मात्र मध्येच अडकायचा. टीममधल्या कोजी इगाराशींना गेम जास्त दिवस खेळला जायला हवा होता. म्हणून 'झेल्डा'सारखा मनसोक्त फिरता येणारा किल्ला आला, वर आरपीजीची लेव्हल. उडी जमत नाही? राक्षस मारा, ताकद वाढवा, पुढं जा.

आता दुसरा किल्ला नव्याने काढायचा तर वेळ आणि पैसा दोन्ही लागणार. मग तोच नकाशा 180 अंशांत फिरवला. छताची जमीन झाली, शत्रू नवे आले. तोवर आलुकार्डला वटवाघूळ होऊन उडता येतं, त्यामुळे उंची आड येत नाही.

गंमत म्हणजे, रिक्टरला नुसतं मारलं तर गेम तिथंच संपतो. खास चष्मा घालून लढलात, तरच उलटा किल्ला उघडतो.

आज 'हॉलो नाईट'सारख्या गेमना मेट्रॉइडव्हेनिया म्हणतात. त्यातला 'व्हेनिया' इथलाच.