गाळणीतला जिवंत थर

होंडुरासच्या डोंगराळ खेड्यांत अनेक घरांच्या कोपऱ्यात सिमेंटची एक चौकोनी पेटी उभी दिसते. जेमतेम कमरेइतकी उंच, पण एकट्याने हलणार नाही इतकी जड. वरून ओढ्याचे पाणी ओतायचे, आतल्या वाळूतून उतरून ते बाजूच्या नळीने भांड्यात पडते. वीज नाही, तोटी नाही. अशा कित्येक पेट्या ‘प्युअर वॉटर फॉर द वर्ल्ड’ या संस्थेने बसवल्या आहेत. अमेरिकेतील व्हरमाँट राज्यातल्या ब्रॅटलबरो गावच्या रोटरी सदस्यांनी ती उभी केली. क्लब पैसा उभारतात. पेटी बसवणे, घरच्यांना शिकवणे आणि देखरेख हे काम संस्थेचे.

पेटीचा आराखडा कॅनडातील कॅल्गरी विद्यापीठाचे डॉ. डेव्हिड मान्झ यांनी १९९०च्या दशकात तयार केला. तत्त्व मात्र जुनेच. १८९२मध्ये जर्मनीतील हॅम्बर्ग शहरात पटकीने आठ हजारांवर माणसे दगावली. शेजारचे आल्टोना त्याच एल्ब नदीचे, हॅम्बर्गचे सांडपाणी मिसळल्यानंतरचे पाणी पीत होते. तरीही ते बरेचसे वाचले, कारण तिथे पाणी वाळूच्या थरातून संथपणे गाळले जाई.

वाळू केवळ चाळणीचे काम करत नाही. तिच्या वरच्या काही सेंटिमीटरांत सूक्ष्मजीवांचा एक थर वाढतो आणि तो पाण्यातले रोगजंतू फस्त करतो. हा थर तयार व्हायला सुमारे महिना लागतो. तो जगावा म्हणून नळीचे तोंड अशा उंचीवर ठेवतात की वाळूवर नेहमी पाच सेंटिमीटर पाणी उरेल. कमी उरले तर थर सुकतो, जास्त झाले तर त्याला प्राणवायू पोचत नाही. पाणी शक्यतो रोज ओतावे लागते. आणि कोणी स्वच्छतेच्या हौसेने वाळू साबणाने धुतली, तर महिन्याची मेहनत वाया!

मर्यादाही आहेत. विषाणू पूर्णपणे अडत नाहीत. आर्सेनिक, फ्लोराइड किंवा खारेपणा तर जातच नाही. म्हणून गाळलेल्या पाण्यात क्लोरिन टाकावे लागते, गाळणीत नव्हे. ते पाणी अरुंद तोंडाच्या, झाकणाच्या भांड्यात ठेवावे. उघड्या बादलीत हात बुडाला की मेहनत फुकट.

खरी अडचण इथेच आहे. रोटरीत अध्यक्ष दरवर्षी १ जुलैला बदलतो. उद्घाटन, फीत, छायाचित्र एका वर्षात उरकते. घरातली सवय मात्र इतक्यात रुजत नाही. रोटरी फाउंडेशनच्या जागतिक अनुदानासाठी प्रकल्प जिथे होणार तिथला एक आणि परदेशातला एक असे क्लब लागतात, गावाची गरज आधी तपासावी लागते. ही अट योग्यच. (आपल्याकडचे क्लबही अशा भागीदारीत असतात.) पण पेटी बसल्यानंतरच्या फेऱ्यांना पैसे देणारे थोडे, आणि माझ्या मते देणगीदाराने आधी विचारावे ते याच फेऱ्यांविषयी.

अशा फेरीत प्रशिक्षित कार्यकर्ती फार काही करत नाही. झाकण उघडून वाळूवरचे पाणी मोजते. मग पेटी काठोकाठ भरून नळीखाली लिटरची बाटली धरते आणि घड्याळ पाहते. अडीच मिनिटांच्या आसपास भरली तर ठीक. फार लवकर भरली तर वाळू चुकीची, जंतू सुटत आहेत. फारच वेळ लागला तर वरचा गाळ हलक्या हाताने ढवळून काढायचा, आणि तो घरच्या बाईकडूनच काढून घ्यायचा.