हेडफोन: खोक्यावरचे आकडे आणि कानात पडणारा आवाज

लॅपटॉप, छोटा ऑडिओ इंटरफेस आणि एक माईक एवढ्या सामग्रीवर घरच्या घरी गाणी रेकॉर्ड करणारी मुलं-मुली आता तालुक्याच्या गावांतही भेटतात. खोली ध्वनिरोधक करणं आणि चांगले स्पीकर घेणं परवडत नाही, त्यामुळे त्यांची सगळी भिस्त हेडफोनवर असते. तो निवडताना हाताशी काय असतं? मित्राने सांगितलेलं, दुकानात ऐकलेलं आणि खोक्यावर छापलेलं. नुसती गाणी ऐकण्यासाठी हेडफोन घेणाऱ्यांचंही तेच होतं. वास्तविक सुरुवात एका साध्या प्रश्नापासून व्हायला हवी: हा हेडफोन वापरायचा कशासाठी? गाताना साथ ऐकायला, मिक्सिंगला, लोकलच्या प्रवासात, की रात्री निवांत बसून एखादा राग ऐकायला? हा प्रश्न बाजूला पडला की पुढचे गैरसमज खरे वाटू लागतात.

‘जितका महाग, तितका चांगला’

येरून ब्रेबार्ट या संशोधकाने २०१७ मध्ये २८३ हेडफोन आणि इअरफोनची मोजमापं तपासली. खर्जापासून तार सप्तकापर्यंतचे स्वर कोणता हेडफोन किती प्रमाणात ऐकवतो आणि त्याची किंमत किती, यांचा काही संबंध लागतो का, हे त्यांना पाहायचं होतं. तसा संबंध आढळला नाही. जास्त पैशांत जास्त मजबूत बांधणी मिळते, मऊ गाद्या मिळतात, वायरलेस यंत्रणा मिळते, कंपनीचं नावही मिळतं. आवाजाचा समतोल मात्र किमतीवरून ओळखता येत नाही.

सोनीचा एमडीआर-७५०६ हा हेडफोन १९९१ पासून आणि सेनहायझरचा एचडी ६०० हा १९९७ पासून बाजारात आहे. दोन्हींची किंमत आजच्या सर्वांत महागड्या हेडफोनच्या तुलनेत फार कमी आहे, तरी व्यावसायिक ते सोडत नाहीत. ज्याचा स्वभाव पुरता ओळखीचा झाला आहे, त्याच्यावर विसंबून निर्णय घेता येतात. दर वर्षी नवं मॉडेल घेणाऱ्याच्या वाट्याला ती ओळख येत नाही. शिवाय या दोन्हींच्या गाद्या बदलून मिळतात. आपल्या दमट हवेत, विशेषतः कोकणात आणि मुंबईत, कृत्रिम चामड्याच्या गाद्या लवकर सोलवटतात. गादी झिजली की हेडफोन कानावर नीट बसत नाही आणि आवाजही बदलतो. म्हणून सुटे भाग मिळतात का, हे विकत घेण्याआधीच विचारावं. आणि नावाजलेलं मॉडेल कुणी निम्म्या किमतीत देऊ केलं, तर ते नकली असण्याची शक्यता धरूनच चालावं.

‘स्टुडिओ हेडफोन म्हणजे सपाट, खरा आवाज’

सर्वांत खोल रुजलेला गैरसमज हाच, म्हणून त्याच्यापाशी जरा थांबायला हवं. स्टुडिओ हेडफोन कोणताही स्वर वाढवत नाही की दाबत नाही, रेषेसारखा सपाट आवाज देतो, असं सर्रास सांगितलं जातं. पण समोर बसून गाणाऱ्याचा आवाज आपल्या कानाच्या पडद्यापर्यंत पोचतो, तेव्हाच तो सपाट राहिलेला नसतो. कानाची पाळी आणि कानाची नळी ३००० हर्ट्झच्या आसपासचे स्वर चांगलेच वाढवतात. मेंदूला या वाढीची जन्मापासून सवय असते. हेडफोन नळीच्या तोंडाशीच बसतो आणि पाळीचं काम बरंचसं टाळतो, त्यामुळे ही वाढ त्याला स्वतःच्या रचनेतून भरून द्यावी लागते. पडद्यापाशी मोजल्यावर खरोखर सपाट येणारा हेडफोन बनवला, तर त्यातून आवाज दबलेला आणि निर्जीव ऐकू येईल.

मग ‘बरोबर’ आवाज कोणता? शॉन ऑलिव्ह, टॉड वेल्टी आणि हार्मन कंपनीतल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ च्या सुमारापासून यावर बरेच प्रयोग केले. हेडफोन कोणता आहे हे न कळू देता लोकांना ऐकवलं आणि पसंती विचारली. चांगल्या खोलीत ठेवलेल्या चांगल्या स्पीकरसारखा जो हेडफोन वाजतो, तो बहुसंख्यांना आवडला. आज अनेक कंपन्या याच अभ्यासातून निघालेल्या वक्राचा आधार घेतात. तरीही तो बहुसंख्यांचा कौल आहे. प्रत्येकाच्या कानाचा आकार वेगळा असतो, त्यामुळे एकच हेडफोन दोघांना थोडा वेगळा ऐकू येतो.

‘स्टुडिओ’ म्हणून विकले जाणारे हेडफोनही एकमेकांपासून बरेच वेगळे आहेत. बायरडायनॅमिकच्या डीटी ७७० प्रोमध्ये वरचे स्वर टोकदार येतात, त्यामुळे गायिकेचे ‘स’ आणि ‘श’ बोचू शकतात. ऑडिओ-टेक्निकाच्या एटीएच-एम५०एक्समध्ये बेस वाढवलेला आहे. एचडी ६०० मध्ये गळ्याचा आवाज फार सुंदर येतो, पण अगदी खालचा खर्ज कमी पडतो. तिन्ही व्यावसायिक कामाला चालतात. कोणता हेडफोन काय वाढवतो आणि काय लपवतो, हे वापरणाऱ्याला माहीत असावं लागतं.

‘आकडे मोठे, म्हणजे दर्जा मोठा’

‘५ ते ४०,००० हर्ट्झ’ असं छापलेलं दिसलं की ग्राहक खूश होतो. माणसाला साधारण २० ते २०,००० हर्ट्झच ऐकू येतं आणि वयानुसार वरची मर्यादा खाली येत जाते. मधले स्वर किती डेसिबलच्या फरकाने कमी-जास्त होतात, हे सोबत लिहिलेलं नसेल, तर त्या आकड्यावरून आवाजाबद्दल काहीच कळत नाही. ड्रायव्हरच्या, म्हणजे हेडफोनमधल्या आवाज निर्माण करणाऱ्या भागाच्या, आकाराचंही तसंच. ५० मिलिमीटरचा ड्रायव्हर ४० च्या ड्रायव्हरपेक्षा जास्त बेस देईलच असं नाही. बंद हेडफोनमध्ये बेस मुख्यतः गादी कानाभोवती किती घट्ट बसते यावर ठरतो. चष्म्याच्या काडीमुळे फट पडली तरी तो कमी होतो. चष्मा लावणाऱ्यांनी चष्मा लावूनच हेडफोन पारखावा.

ओहमबद्दल मात्र सविस्तर सांगायला हवं, कारण इथे पैसे वाया जातात. डीटी ७७० प्रो हा एकच हेडफोन ३२, ८० आणि २५० ओहम अशा प्रकारांत मिळतो. २५० ओहमचा तो ‘प्रोफेशनल’ असं समजून अनेक जण तो घेतात, थेट फोनला जोडतात आणि आवाज क्षीण येतो म्हणून निराश होतात. ओहम हा दर्जाचा मापक नाही. जास्त ओहमच्या हेडफोनला जास्त व्होल्टेज लागतं, एवढाच त्याचा अर्थ. तोही पुरा नव्हे, कारण दिलेल्या विजेवर हेडफोन किती मोठा वाजतो, म्हणजे त्याची संवेदनशीलता किती, हेही पाहावं लागतं. हायफायमॅनचा एचई-६ फक्त ५० ओहमचा आहे, पण त्याची संवेदनशीलता ८३.५ डेसिबल इतकी कमी आहे की ३०० ओहमच्या एचडी ६०० पेक्षा त्यालाच मोठा अँप्लिफायर लागतो. फोनवर किंवा लॅपटॉपवर ऐकणाऱ्याने कमी ओहमचा आणि जास्त संवेदनशील हेडफोन घ्यावा. ऑडिओ इंटरफेस असेल, तर ८० ओहमपर्यंत सहसा अडचण येत नाही.

ओपन की क्लोज्ड

सेनहायझरने १९६८ मध्ये एचडी ४१४ हा मागून उघडा हेडफोन आणला आणि ऐकण्याची एक वेगळीच तऱ्हा सुरू झाली. ओपन हेडफोनमध्ये आवाज मोकळा वाटतो, डोक्याबाहेर पसरल्याचा भास होतो, कान तापत नाहीत. त्यामुळे ‘ओपन तेवढा चांगला’ असं म्हटलं जातं. पण तो हेडफोन घालून माईकसमोर गायला उभं राहिलं, तर तंबोऱ्याचा ट्रॅक आणि क्लिकची टिकटिक माईकमध्ये उतरते आणि नंतर ती काढता येत नाही. गाणं रेकॉर्ड करायला क्लोज्ड हवा, यात तडजोड नाही. मिक्सिंगला आणि निवांत ऐकायला ओपन घेता आला तर आनंदच आहे. एकच परवडत असेल आणि गाणं रेकॉर्ड करायचं असेल, तर क्लोज्ड घ्या.

‘ब्लूटूथमध्ये काही दम नाही’ आणि ‘आता वायरची गरजच नाही’

दोन्ही विधानं चूक आहेत. रोजच्या ऐकण्यासाठी आजचा ब्लूटूथ हेडफोन पुरेसा असतो. एलडॅक हा कोडेक, म्हणजे आवाज दाबून पाठवण्याची पद्धत, सेकंदाला ९९० किलोबिटपर्यंत माहिती पाठवतो, पण आयफोनमध्ये तो नाही. तिथे एएसी चालतो. त्यामुळे आयफोनवाल्याने ‘एलडॅक’ या शब्दासाठी जादा पैसे मोजू नयेत. ऑनलाइन मीटिंगमध्ये त्याच हेडफोनचा माईक सुरू झाला की संगीताचा आवाज एकदम डबक्यातून आल्यासारखा होतो, ही तक्रारही नेहमीची आहे. तो बिघाड नव्हे. माईक चालू असताना जुन्या पद्धतीचं ब्लूटूथ बोलण्यापुरत्या, कमी दर्जाच्या जोडणीवर जातं.

संगीत घडवताना अडचण दर्जाची नसून वेळेची आहे. ब्लूटूथमधून आवाज कानात पोचायला बहुधा १५० ते २५० मिलिसेकंद लागतात. मिनिटाला २४० मात्रांच्या द्रुत तीनतालात एक मात्रा पाव सेकंदाची असते. म्हणजे वाजवलेला ‘धा’ कानात येईपर्यंत पुढची मात्रा दाराशी आलेली असते. अशा स्थितीत कुणीही लयीत राहू शकत नाही. रेकॉर्डिंगला वायरच हवी.

‘हेडफोनवर मिक्सिंग करूच नये’

हा सल्ला मोठ्या स्टुडिओत खरा आहे. दहा बाय दहाच्या, भिंतींवर काहीही न लावलेल्या खोलीत तो तितकासा खरा राहत नाही. अशी खोली काही खर्जाचे स्वर फुगवते आणि काही गिळून टाकते. चार पावलं सरकलं की बेस बदलतो. तिथे चांगला हेडफोन स्पीकरपेक्षा भरवशाचा ठरतो. त्याच्या मर्यादा मात्र ठाऊक असाव्यात. स्पीकरवर दोन्ही कान दोन्ही बाजूंचा आवाज ऐकतात, हेडफोनमध्ये डावं डाव्यातच राहतं. त्यामुळे रुंदीचा आणि रिव्हर्बचा अंदाज चुकतो. म्हणून मिक्स तयार झाला की तो गाडीत ऐका, घरातल्या साध्या स्पीकरवर ऐका, फोनवरही ऐका. फोनच्या इवल्या स्पीकरवर डग्गा पूर्ण नाहीसा होत असेल, तर मिक्सकडे परतायला हवं.

पारखायचं कसं

दुकानात लावतात त्या चकचकीत डेमो गाण्यांवर निर्णय घेऊ नका. आपल्या मनात पक्की बसलेली गाणी सोबत न्या. जुनी ७८ आरपीएमची मोनो ध्वनिमुद्रणं, बालगंधर्वांची नाट्यपदं म्हणा, इथे फार कामाची: गळा बरोबर मध्यभागी उभा राहायला हवा. तो डावीकडे-उजवीकडे झुकला, तर हेडफोन उलटा घाला. झुकाव बदलला तर दोष हेडफोनचा. तोच राहिला तर कान तपासून घ्यावेत.

मग तंबोरा लावा. काळी एकच्या तंबोऱ्यात खर्जाच्या तारेचा मूळ स्वर सुमारे ६९ हर्ट्झचा असतो, पण तंबोऱ्याचं तेज जवारीमुळे उमटणाऱ्या उपस्वरांत असतं. सी. व्ही. रामन यांनाही या उपस्वरांचं कोडं शंभर वर्षांपूर्वी अभ्यासावंसं वाटलं होतं. ज्या हेडफोनमध्ये जवारीची उघडझाप स्पष्ट कळते आणि तरी ती कानाला खुपत नाही, त्याचा वरचा भाग चांगला आहे. डग्ग्यावरची मींड सलग ऐकू येते का, की मध्येच एखादा स्वर उसळी मारतो, यावरून खालचा भाग कळतो. मोठ्या वाद्यमेळासाठी ‘सैराट’ची गाणी उपयोगी पडतात. अजय-अतुल यांनी त्यांतल्या पाश्चात्त्य वाद्यवृंदाचं ध्वनिमुद्रण हॉलिवूडच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर केलं. त्या व्हायोलिनांच्या गर्दीत आपली तालवाद्यं वेगळी ओळखू येतात का, ते पाहा.

दोन हेडफोनांची तुलना करताना दोन्हींचा आवाज सारखा ठेवा. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच दाखवून दिलं की आवाज वाढला की खालचे स्वर तुलनेने जास्त भरून ऐकू येतात. त्यामुळे जो जोरात वाजतो, तोच सरस वाटतो.

‘शंभर तास वाजवून ठेवला की आवाज खुलतो’ असंही कुणी सांगेल. मोजमापांत दिसणारा बदल नगण्य असतो. तेवढ्या काळात आपल्याच कानांना सवय होते. न आवडलेला हेडफोन परत करण्याची मुदत या आशेवर घालवू नका.

‘नॉइज कॅन्सलिंग कानांना वाईट’

उलट लोकलच्या डब्यात त्याचा फायदाच आहे. ही यंत्रणा बाहेरच्या आवाजाच्या उलट लहर तयार करून तो दाबते. इंजिनाची, पंख्याची, एसीची सलग घरघर तिच्याने चांगली कमी होते. फेरीवाल्याची हाक किंवा बाळाचं रडणं मात्र ती तितकंसं थांबवत नाही. घरघर कमी झाली की गाणं कमी आवाजात ऐकता येतं, आणि कानांचं रक्षण होतं ते त्या कमी आवाजामुळे. रस्ता किंवा रूळ ओलांडताना हेडफोन काढलेलाच असावा, हे वेगळं सांगायला नको.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार मोठ्या माणसांनी ८० डेसिबलवर आठवड्याला ४० तासांपर्यंत ऐकणं सुरक्षित आहे. ९० डेसिबलवर तीच मर्यादा ४ तासांवर येते. मिक्सिंगला दिवस दिवस बसणाऱ्यांनी हे आकडे खोक्यावरच्या सगळ्या आकड्यांपेक्षा जास्त लक्षात ठेवावेत. आतल्या कानातल्या संवेदक पेशी एकदा मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. कानात सतत शिट्टी वाजल्यासारखं होत असेल किंवा समोरच्याचं बोलणं गर्दीत कळेनासं झालं असेल, तर नवा हेडफोन शोधू नका. कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जाऊन श्रवणचाचणी करून घ्या.